प्रवचनकार, श्रोता आणि न विचारलेला प्रश्न

प्रवचनाची समीक्षा ही आपल्या समाजातील सर्वांत जुनी आणि सर्वांत अलिखित समीक्षा होय. मिस्सा संपून मंडळी चर्चच्या पायऱ्या उतरू लागली की तिला आरंभ होतो आणि घरचा उंबरठा येईपर्यंत निकालही लागलेला असतो. फादर आज फार लांबले. आवाज चांगला, पण मुद्दा हाती लागला नाही. गोष्ट मागच्या वर्षीचीच होती. नवे फादर बरे, दहा मिनिटांत मोकळे करतात. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांपलीकडे जाऊ नये असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्यांचे हे एक वचन तरी घरोघरी तत्परतेने पाठ झाले असल्यास नवल नाही.

दुसरी समीक्षा लेखणी हाती धरणाऱ्यांची. तिला आवाजाशी वा घड्याळाशी कर्तव्य नसते. उपदेश करणारा माणूस जे सांगतो ते त्याला स्वतःला पटले आहे काय, हा तिचा एकमेव प्रश्न. उपदेशकाला कधीच शंका शिवली नाही असे दिसले तर तो भाबडा किंवा हटवादी ठरतो. शिवली असे आढळले तर ढोंगी. मदर तेरेसा यांच्या बाबतीत हे अगदी ढळढळीतपणे घडले. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि दशकानुदशके त्यांनी अंतर्यामी किती गडद अंधार सोसला हे जगाला कळले. लगेच काही टीकाकारांनी निष्कर्ष काढला की, ही बाई मनातून अश्रद्धच होती आणि तिचे हास्य हा मुखवटा होता. त्याआधी याच गोटातून त्यांच्यावर आंधळ्या धर्मवेडाचा आरोप होत असे. एकाच व्यक्तीवर अतिश्रद्धेचा आणि अश्रद्धेचा असे दोन्ही ठपके ठेवताना आपले माप तर तुटके नाही ना, असा संशय त्या टीकाकारांना आला नाही. ती पत्रे आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली आहेत आणि त्यांतले एक तर थेट येशूला उद्देशून आहे, एवढी साधी गोष्टही त्यांनी विचारात घेतली नाही. जो नाहीच असे ठरवले, त्याला कोणी पत्र लिहीत बसत नाही.

पायऱ्यांवरची समीक्षा आणि ही लेखी समीक्षा यांत अंतर पुष्कळ असले तरी एका बाबतीत दोघींची दृष्टी सारखीच आहे. दोघीही केवळ प्रवचनपीठाकडे पाहतात. समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात कोणती शंका आहे आणि त्या शंकेचे प्रवचनात काय झाले, हे दोघीही विचारीत नाहीत. आमच्या मते प्रवचनकाराची खरी परीक्षा येथे आहे; आणि हे माप नवे नाही. ते सोळाशे वर्षांपूर्वी एका अत्यंत चिकित्सक श्रोत्याने वापरलेले आहे. ८ मे २०२५ रोजी पोपपदी निवडले गेलेले लिओ चौदावे ऑगस्टीन संघाचे संन्यासी असून त्यांनी त्याच दिवशी स्वतःला संत ऑगस्टीनचा पुत्र म्हणवून घेतले. तेव्हापासून या संताचे नाव पुन्हा कानांवर पडू लागले आहे. पण ऑगस्टीन म्हणताच आपल्याला आठवतो तो मोनिका मातेच्या अश्रूंचा मुलगा, किंवा हिप्पोचा बिशप. या दोहोंच्या मध्ये प्रवचने ऐकत हिंडणारा एक तरुण आहे. त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

(संत होण्यापूर्वीच्या ऑगस्टीनला आम्ही एकवचनी संबोधतो आहोत. त्यांनी स्वतः आपल्या त्या वयाला कोठे मान दिलेला नाही, तेव्हा वाचक क्षमा करतील.)

इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावी जन्मलेला हा तरुण वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. म्हणजे बोलणाऱ्याचे बोलणे पारखणे हा त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा ग्रंथ वाचून त्याला सत्याची ओढ लागली आणि तो बायबलकडे वळला. पण सिसेरोच्या भारदस्त भाषेपुढे बायबलची भाषा त्याला गावंढळ वाटली. त्याने पुस्तक मिटले आणि मानी पंथात प्रवेश केला. या पंथाच्या सामान्य सदस्यांना ‘श्रोता’ असेच नाव होते, हा मोठा सूचक योगायोग. सुमारे नऊ वर्षे तो तेथे श्रोता म्हणून राहिला.

शंका तेथेच उद्भवली, आणि तीही आकाशातील गणितावरून. मानी पंथाच्या ग्रंथांत सूर्य, चंद्र व तारे यांविषयी लांबलचक कथा होत्या. ऑगस्टीनने तत्त्वज्ञांचे ग्रंथही वाचले होते आणि त्यांनी वर्तविलेली ग्रहणे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी लागत असल्याचे त्याला ठाऊक होते. दोहोंचा मेळ बसेना. पंथातील कोणाही जाणत्याला विचारले की एकच उत्तर मिळे: फाउस्टस येऊ दे, तो सारे उलगडून सांगेल. फाउस्टस हा त्या पंथाचा नामांकित बिशप. ऑगस्टीन एकोणतीस वर्षांचा असताना तो कार्थेजला आला.

‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या पाचव्या भागात या भेटीचे जे वर्णन आहे, ते आमच्या मते प्रवचनसमीक्षेचा एक आदर्श नमुना आहे. फाउस्टस बोलू लागताच सभा मोहून जाई. इतरांनी सांगितलेलेच तो सांगे. परंतु त्याच्या मुखातून ते अधिक गोड लागे. ऑगस्टीनला त्याचे माधुर्य मान्य आहे आणि ते मान्य करण्यात तो हात आखडता घेत नाही. मात्र तो एक भेद करतो. भाषा हे भांडे आहे आणि विचार हे अन्न. चांगले अन्न मातीच्या वाडग्यातही मिळू शकते आणि नासके अन्न नक्षीच्या ताटातही. म्हणून सुंदर बोलले गेले एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. आणि ओबडधोबड बोलले गेले म्हणूनही ते खरे ठरत नाही! या दुसऱ्या अर्ध्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे अलंकारिक प्रवचनाविषयी संशय बाळगणारे पुष्कळ आहेत. पण साधे, अघळपघळ बोलणारा माणूस अंतःकरणातून बोलतो असे धरून चालणारे त्याहून अधिक आहेत.

ऑगस्टीनची अडचण वेगळीच होती. भर सभेत फाउस्टसला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. पुढे खासगी भेटीचा योग आला तेव्हा त्याने आपल्या शंका मांडल्या, आणि फाउस्टसचे वाचन बेताचे असल्याचे उघड झाले: सिसेरोची काही भाषणे, सेनेकाची मोजकी पुस्तके, थोडे काव्य आणि आपल्या पंथाचे काही ग्रंथ. आकाशाच्या गणिताविषयी आपणांस काही ठाऊक नाही, असे त्याने सरळ सांगून टाकले. याच ठिकाणी एखादा सामान्य टीकाकार विजयाने हसला असता. ऑगस्टीन लिहितो की, या कबुलीमुळे तो माणूस आपल्याला अधिक आवडला. कारण आपले अज्ञान ओळखणाऱ्या मनाचा विनय हा त्या ज्ञानाहूनही सुंदर असतो. पंथावरची श्रद्धा त्या दिवशी ढासळली, माणसाविषयीचा आदर वाढला. पुढे बिशप झाल्यावर याच फाउस्टसच्या ग्रंथाचे खंडन त्यांनी तेहेतीस भागांत केले आणि त्यात शब्दांची दयामाया दाखविली नाही, हे खरे. तरीही त्या कबुलीचे श्रेय ‘कन्फेशन्स’मध्ये त्यांनी नोंदवून ठेवले आहे. मत आणि मनुष्य यांचा निवाडा वेगवेगळा करण्याची ही शिस्त आम्हांस आजच्या धार्मिक वादविवादांत क्वचितच दिसते. आपल्या नियतकालिकांतही नाही.

त्यानंतर तो रोमला गेला आणि ३८४ मध्ये मिलान शहरी अध्यापक म्हणून रुजू झाला. तेथे बिशप अँब्रोज यांची कीर्ती होती. ऑगस्टीन रविवारी रविवारी त्यांच्या प्रवचनाला जाऊ लागला, तो सत्यासाठी नव्हे. या वक्त्याची ख्याती खरी आहे की फुगवलेली, हे तपासण्यासाठी. त्याचा निर्णयही पक्क्या व्यावसायिकाचा आहे: अँब्रोज अधिक विद्वान, परंतु मोहून टाकण्याच्या कलेत फाउस्टसहून कमी. पण शब्द ऐकता ऐकता शब्दांच्या आड असलेला अर्थही नकळत आत शिरला. जुन्या करारातील ज्या कथा त्याला हास्यास्पद वाटत, त्यांचा आध्यात्मिक अर्थ अँब्रोज उलगडीत होते. ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन करता येते, तिच्या बाजूनेही विद्वान माणसे बोलू शकतात, एवढे त्याला पटले. पटले, पण श्रद्धा बसली नाही. कशाचीच खात्री देता येत नाही असे मानणाऱ्या तत्त्वज्ञांच्या रीतीने तो सर्वच गोष्टींविषयी साशंक झाला, आणि अशा अवस्थेतच त्याने दीक्षार्थी म्हणून चर्चच्या उंबरठ्यावर थांबण्याचे ठरवले. चर्चने त्याला थांबू दिले. शंका मिटवून मगच आत ये, असे कोणी म्हटले नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या भाविक चरित्रग्रंथांत सहसा सांगितली जात नाही. ऑगस्टीनला अँब्रोज यांच्यापाशी आपले प्रश्न मनसोक्त मांडता आलेच नाहीत. त्यांच्याकडे गरजू लोकांची रीघ असे. थोडी उसंत मिळाली की ते वाचीत बसत, ओठ न हलवता, केवळ डोळ्यांनी. दार कोणालाही बंद नव्हते. ऑगस्टीन जाई, त्यांना वाचनात गढलेले पाही, काही वेळ मुकाट बसे आणि उठून येई. फाउस्टसजवळ वेळ होता, उत्तर नव्हते. अँब्रोज यांच्याजवळ उत्तर होते, वेळ नव्हता. ज्या प्रवचनकाराने त्याला चर्चच्या दारापर्यंत आणले आणि पुढे ३८७ च्या पास्काला बाप्तिस्माही दिला, त्याच्यासमोर हा बुद्धिमान श्रोता कितीतरी वेळा निमूटपणे बसून परतला. या प्रसंगात तक्रारीचा सूर नाही. पण तो लिहिल्यावाचून ऑगस्टीनला राहवले नाही.

वेळ दिला तो सिम्प्लिशियन नावाच्या वृद्ध धर्मगुरूने. त्यांनी ऑगस्टीनचे सारे भटकणे ऐकून घेतले आणि उत्तरादाखल एक गोष्ट सांगितली. रोममधील व्हिक्टोरिनस हा विख्यात पंडित मनाने ख्रिस्ती झाला होता. चर्चमध्ये मात्र येत नसे. तुला तेथे पाहिल्याशिवाय मी हे मानणार नाही, असे सिम्प्लिशियन म्हणत. आणि भिंतींनी का कोणी ख्रिस्ती होतो, अशी थट्टा व्हिक्टोरिनस करी. शेवटी तो आला आणि भर समुदायासमोर उंच जागी उभा राहून त्याने श्रद्धेचा उच्चार केला. वक्तृत्वाच्या अध्यापकाला वक्तृत्वाच्याच अध्यापकाची गोष्ट! सिम्प्लिशियन यांचे एकही गाजलेले प्रवचन कोणाला ठाऊक नाही. परंतु समोरच्या माणसाचा प्रश्न कोणता, हे त्यांनी अचूक ओळखले होते, असे आम्हांस वाटते.

आता याच्या अगदी उलट टोकाला असलेल्या एका प्रवचनकाराकडे वळू. तो कादंबरीतला आहे. स्पॅनिश लेखक मिगेल दे उनामुनो यांची ‘सान मानुएल बुएनो, मार्तिर’ ही लघुकादंबरी १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या दोन वैचारिक ग्रंथांवर १९५७ मध्ये रोमने बंदी घातली. ही लघुकादंबरी त्या यादीत नव्हती. एका सरोवराकाठच्या खेड्यातील धर्मगुरू दोन मानुएल हा सर्वांचा लाडका. लोकांची दुखणीखुपणी, भांडणे, मरणे यांत तो बुडून गेलेला आहे. मात्र मृत्यूनंतरच्या जीवनावर त्याचा विश्वास बसत नाही. मिस्सेत सारा गाव एका आवाजात श्रद्धेचा उच्चार करी, तेव्हा देहाच्या पुनरुत्थानाचे आणि शाश्वत जीवनाचे शब्द आले की याचा आवाज थांबे आणि गावाच्या आवाजात ती शांतता बुडून जाई. इतक्या थोडक्यात एवढे सांगणारा प्रसंग आम्ही कादंबरी-वाङ्मयात फारसा वाचलेला नाही.

या पात्राविषयी टीकाकारांचे दोन तट आहेत. कोणाला तो लोकांना फसविणारा नास्तिक वाटतो, तर कोणाला शंकेचा क्रूस वाहणारा संत. गंमत अशी की दोन्ही तटांचे लक्ष त्याच्या अंतःकरणावरच खिळलेले आहे. आम्हांस दोन मानुएलच्या शंकेत दोष दिसत नाही. ती त्याने मागितलेली नव्हती, आणि तिच्यासह त्याने जी सेवा केली ती खोटी म्हणता येणार नाही. दोष दिसतो तो त्याने गावाविषयी केलेल्या अनुमानात. सत्य कदाचित भयंकर असेल आणि ते ऐकले तर ही साधी माणसे जगू शकणार नाहीत, असे तो परस्पर ठरवून टाकतो. लहानपणी आंखेला प्रश्न घेऊन आली तेव्हाही त्याने तिला उत्तर टाळूनच परत पाठविले. साध्या माणसांना शंका नसतात, किंवा असल्या तरी पेलणार नाहीत, हे त्याचे गृहीतक. आणि हा माणूस कादंबरीपुरताच मर्यादित नाही. शंका अजिबात नसलेला, खणखणीत आवाजाचा प्रवचनकारही हेच धरून चालत असतो. लोकांना प्रश्न नकोत, उत्तरे हवीत. एक करुणेपोटी आणि दुसरा आत्मविश्वासापोटी, पण दोघेही श्रोत्याला लहान मूल समजतात.

शुभवर्तमानकारांनी तसे केलेले नाही. थोमाचा अविश्वास त्यांनी झाकला नाही. पुनरुत्थित प्रभूला पाहिलेले दहा जण आणि न मानणारा एक, असे हे अकरा जण पुढचा आठवडा कसे राहिले असतील याची कल्पना वाचकांनी करून पाहावी. आठ दिवसांनंतरही थोमा त्यांच्यातच होता, एवढे योहान नोंदवतो. त्याला कोणी बाहेर काढले नाही, आणि तोही उठून गेला नाही.

आपल्या स्वतःच्या परंपरेत प्रश्नकर्त्या श्रोत्याला मानाचे स्थान देणारा ग्रंथ आहे, आणि तो मराठीत आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची रचनाच संवादाची आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांनी मागणी केली म्हणून पाद्री गुरू कथा सांगू लागतात आणि मधूनमधून श्रोते त्यांना अडवून प्रश्न विचारतात. पुराणश्रवणाची ही देशी रीत फादर स्टीफन्स यांनी जाणून उचलली. समीक्षकांनी या ग्रंथाच्या भाषेचे, मराठीच्या स्तुतीचे, ओवीच्या प्रवाहीपणाचे कौतुक भरपूर केले आहे. धर्मप्रचाराचे साधन म्हणून त्याला मोडीत काढणारेही आहेत. त्या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आपण झटकून टाकू नये. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा हे तेथे समान पातळीवर उभे नव्हते, आणि काव्यातले प्रश्नही अखेर कवीनेच रचलेले आहेत. पाद्री गुरूला उत्तर सुचले नाही असे त्यात घडत नाही. तथापि, ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उठणारच आणि तो कथेच्या आत यावा, बाहेर राहू नये, एवढे भान त्या कवीला होते. आपल्याकडची आजची छापील प्रवचने वाचताना हे भान आम्हांस वारंवार हरवलेले दिसते. त्यांत ‘काही जण म्हणतील’ असा एक बुजगावण्यासारखा माणूस उभा केला जातो आणि दोन ओळींत आडवा केला जातो. कॅन्सरने तरुण मुलगा गेलेल्या आईचा प्रश्न असा दोन ओळींत आडवा होत नसतो. तिला तो प्रश्न पडला आहे हे प्रवचनात कोठेतरी म्हटले गेले, तर उत्तर अपुरे असूनही ती ऐकत राहते. फाउस्टससमोर बसलेल्या तरुणाने हेच केले.

बिशप झालेल्या ऑगस्टीन यांनी या विषयावर जे लिहिले, ते स्वतः श्रोता राहिलेल्या माणसाचे लेखन आहे. कार्थेजचा देओग्रातियास नावाचा एक दीक्षित सेवक सुमारे ४०० मध्ये त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आला: नवागतांना धर्मशिक्षण देताना माझे बोलणे मलाच नीरस वाटते, मग त्यांना काय वाटत असेल? ऑगस्टीन यांनी त्याला एक अख्खे पुस्तक लिहून दिले. माझेही बोलणे मला जवळजवळ नेहमीच अपुरे वाटते, अशी कबुली त्यांनी आरंभीच दिली. पण ऐकणाऱ्यांची उत्सुकता पाहिली म्हणजे त्यांना ते तितके थंड वाटत नसावे असे दिसते, अशी पुस्तीही जोडली. पुढे अगदी घरगुती सूचना आहेत. श्रोता जांभया देऊ लागला तर त्याला दोष देऊ नये. थोडा विनोद करावा, नाहीतर बसायला आसन द्यावे. त्या काळी आफ्रिकेत बिशप बसून बोलत आणि लोक उभे राहून ऐकत. समुद्रापलीकडच्या काही चर्चमध्ये लोकांना बसू देतात, ती रीत अधिक चांगली, असे त्यांचे मत आहे. आठ मिनिटांचा विचार तेव्हाही होताच म्हणायचा.

त्यांच्या प्रवचनांची शेकडो टिपणे लघुलेखकांनी उतरून घेतली. म्हणून ती आपल्यापर्यंत आली. १९९० मध्ये माइन्झ येथील एका हस्तलिखितात आणखी सव्वीस सापडली. त्यांत श्रोत्यांच्या आरोळ्यांना दिलेली उत्तरे आहेत, समजलेल्यांनी न समजलेल्यांसाठी धीर धरावा अशा विनंत्या आहेत. या सवयीमागील विचार त्यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवरील ग्रंथात सांगितला आहे. त्याचा चौथा भाग त्यांनी सुमारे ४२६ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर पुरा केला. ते म्हणतात, दोघांच्या संभाषणात समोरच्याला प्रश्न विचारता येतो. जेथे सारे गप्प राहून एकाचे ऐकतात आणि सर्वांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात, तेथे समजले नाही ते विचारण्याची रीत नसते. विचारणे शोभतही नाही. म्हणून अशा मूक श्रोत्याच्या मदतीला बोलणाऱ्यानेच धावून गेले पाहिजे. समुदायाच्या हालचालीवरून त्याला कळले की नाही हे ओळखावे, आणि कळेपर्यंत तोच विषय निरनिराळ्या अंगांनी पुन्हा पुन्हा फिरवावा. शब्दन् शब्द पाठ करून आलेल्या वक्त्याला हे साधत नाही, असेही ते जाता जाता नमूद करतात. हे लिहिताना कार्थेजमधील ती सभा त्यांच्या डोळ्यांसमोर असली पाहिजे, जेथे एकोणतीस वर्षांचा एक अध्यापक ग्रहणाविषयीचा प्रश्न मनात घेऊन गर्दीत बसला होता आणि तो विचारण्याची सोय नव्हती.